मदत हवी आहे: दिवाळीची यादी २५ हजारांत बसवायची आहे, ऑफरचे बोर्ड बसू देईनात (बेळगाव)

यादीवाला_टिळकवाडी

नमस्कार मंडळी. घरात माणसं पाच, मुक्काम बेळगाव. दिवाळीचं एकूण बजेट २५,०००, त्यावर एक रुपया नाही, असं घरात एकमताने ठरलंय. ठरवणारेच रोज नवीन वस्तू सुचवतायत, ते सोडा.

यादी: मिक्सर (जुना आवाज करतोय, वाटण नीट होत नाही), साड्या दोन, मुलाला तयार कुर्ता, फराळ, गॅलरीला दिव्यांच्या माळा, भेट द्यायला मिठाईचे अर्ध्या किलोचे १२ डबे. वर २४,००० चा मोबाइल 'नो कॉस्ट ईएमआय'वर घुसवायचा आग्रह चालू आहे. "महिन्याला चारच हजार की!"

प्रश्न:
१. नो कॉस्ट म्हणजे खरंच फुकट का?
२. गणपत गल्लीत घ्यावं, ऑनलाइन सेलमध्ये, की गाडी काढून कोल्हापूर गाठावं?
३. जिकडे तिकडे 'जीएसटी घटला, भाव घटले' लिहिलंय. कशाकशाचे घटले?
४. फराळ घरी करायचा तर सामान किती आणायचं?

'गरज असेल तेवढंच घ्या' हे आम्हालाही माहीत आहे. आकडे सांगा.

हिशोबनीस

आधी मोबाइल. बिनव्याजी हप्ता असं काही नसतं, रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना शून्य टक्के योजनांबद्दल बजावलं होतं. आता होतं असं, की बँक व्याज लावते आणि तेवढीच रक्कम विक्रेता किमतीतून कमी करतो. जमाखर्च जुळल्यासारखा दिसतो.

६ हप्ते × ४,००० = २४,०००. कार्डाचं व्याज वर्षाला १५ टक्के धरा. त्या हिशेबाने कर्ज पडतं साधारण २२,९८४ चं, उरलेले १,०१६ व्याजाचे. हे व्याज सवलत म्हणून परत मिळालं, ठीक. पण व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो १८३ रुपये, तो कुणी परत देत नाही. प्रोसेसिंग फी १९९ असली तर करासकट २३५. झाले ४१८ रुपये. हा फक्त दिसणारा खर्च.

न दिसणारा पुढे आहे. काउंटरवर विचारा, "रोख किंवा यूपीआयने दिले तर शेवटचा भाव काय?" हजार-दीड हजार कमी सांगितले, तर तीच ईएमआयची खरी किंमत. आणि मोबाइल परत करायची वेळ आली तर किंमत परत येते, प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा येत नाही.

तुमच्या २५ हजारांत तो बसतच नाही. महिना ४,००० म्हणजे पुढच्या सहा महिन्यांच्या घरखर्चातून २४,००० आधीच उचलणं झालं.

खडेबाजार_कोपरा

जीएसटीच्या बोर्डांचं सांगतो. नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून आहेत.

खरंच उतरले ते: तूप, लोणी, बदाम, पाकीटबंद फरसाण १२ वरून ५. चॉकलेट १८ वरून ५. ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८.

काहीच बदललं नाही ते: मोबाइल, मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन. हे आधीही १८ टक्क्यांत होते, आजही १८ टक्क्यांत आहेत. या वस्तूंवर 'जीएसटी कपात' लिहिलं असेल तर ती दुकानाची नेहमीची सूट आहे, नाव तेवढं नवीन.

कपड्यांत एक मेख आहे. तयार कपडा नगाला २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेला की १८. म्हणजे २,४५० चा कुर्ता आणि २,६०० चा कुर्ता यांत फरक दीडशेचा दिसला तरी करासकट पाचशेच्या आसपास जातो. साडी कापडात मोडते, तिला ५ टक्केच.

आणि '५० टक्के + २० टक्के' म्हणजे ७० नव्हे. शंभराचे पन्नास झाले, पन्नासाचे वीस टक्के म्हणजे दहा गेले, चाळीस उरले. सूट ६० टक्के. 'दोनावर एक फुकट' म्हणजे ३३ टक्के, तेही तिसरी साडी पाहिजे असेल तर.

निपाणीकर

कोल्हापूरचं आम्हाला विचारा. जीएसटी दोन्हीकडे एकच आहे, हद्द ओलांडली म्हणून कर कमी होत नाही. निपाणीतून ४० किलोमीटर आहे, आम्ही जातो, ठीक. बेळगावातून शंभराच्या वर, वाटेत हत्तरगी आणि कोगनोळी दोन टोल, जाऊन येऊन डिझेल. एका मिक्सरसाठी आणि दोन साड्यांसाठी हे कुठं बसतंय? साड्यांना शहापूर, वडगाव, खासबाग दाराशी आहेत, माग तिथेच चालतात.

दुसरं, कुणी "दसऱ्या-दिवाळीला दुचाकी एमएच ०९ ची घ्या, स्वस्त पडते" म्हटलं तर थांबा. गाडी कर्नाटकात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर केए २२ किंवा केए २३ चा नंबर घ्यावा लागतो, आणि इथला कर वेगळा भरावा लागतो. शोरूममध्ये वाचवलेले आरटीओत जातात.

मोटर_रिवाइंडिंग

मिक्सर यादीत आहे तो का, ते आधी बघा. आवाज आणि वाटण न होणं या तक्रारीत दहातले बरेच मिक्सर दुरुस्तीचे असतात. मोटर फिरते का? पातं फिरतं का? जारच्या खालून काळं पाणी गळतंय का? ठिणग्या किंवा जळका वास? एवढं सांगा.

यादीवाला_टिळकवाडी

मोटर फिरते, वास नाही. पातं अडखळतंय, मोठ्या जारमध्ये जास्त. छोट्या जारच्या खाली काळसर ओल दिसते.

मोटर_रिवाइंडिंग

मग मोटरला काही झालेलं नाही.

पातं अडखळणं म्हणजे कपलर. मशीनवर वर दिसतो तो रबरी किंवा नायलॉनचा दातेरी तुकडा. दाते गोल झाले की मोटर फिरते आणि जारचा दांडा जागेवर घसरतो, आवाज त्याचाच. आधी प्लग काढा. खालून पंख्याकडची बाजू पकडून ठेवा आणि कपलर पक्कडीने सोडवा. आटे असे असतात की फिरताना कपलर घट्ट होत जावा, त्यामुळे सोडवताना बहुधा उलटीकडे फिरवावं लागतं. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर दांडा वाकतो, आणि मग मात्र खर्च येतो. जुना तुकडा सोबत घेऊनच दुकानात जा, कंपनीगणिक दाते वेगळे असतात. जारच्या बुडाशी असतो तो दुसरा कपलरही त्याच वेळी बदला. एक नवा आणि एक झिजका ठेवला की नवाही महिन्या-दोन महिन्यांत जातो.

छोट्या जारची काळी ओल म्हणजे बुश आणि वॉशर गेले. पातं हाताने हलवून बघा, डगडगलं तर नक्की. तेवढाच भाग बदलून मिळतो, अख्खा जार घ्यायला सांगितलं तर दुसरं दुकान बघा. ही ओल चटणीत उतरते, म्हणून तोवर तो जार वापरू नका.

पुढे कधी मिक्सर एकदम बंद पडला तर तळाशी लाल बटण असतं, ओव्हरलोडचं. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मग दाबा. फराळाच्या दिवसांत सुकं खोबरं आणि पिठीसाखर सलग दळली की ते उडतंच. अर्धा जारच भरा, मिनिटभर चालवा, थांबवा.

हिशोबनीस

आणि एक्स्चेंजला भुलू नका. "जुना मिक्सर द्या, हजार वजा" असं असेल तर जुना न देता भाव काय, ते आधी विचारा. बरेचदा तोच भाव निघतो.

शहापूरची_वहिनी

मिठाईच्या डब्यांवर कुणी बोललं नाही अजून. भाऊ, सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात. डब्यासकट वजन करून देतात. अर्ध्या किलोचा रिकामा डबा ७० ग्रॅम भरला तर बारा डब्यांत ८४० ग्रॅम पुठ्ठा. मिठाई ६०० रुपये किलो असेल तर ५०४ रुपये पुठ्ठ्याचे झाले! कायद्याने वजन निव्वळ मिठाईचंच धरायचं असतं. रिकामा डबा काट्यावर ठेवायला लावा, आकडा शून्य करायला लावा, मग भरू द्या. गर्दीच्या वेळी कटकट करतात, म्हणून दुपारी दोन-तीनच्या सुमारास जा.

सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं आहे. तारीख नसेल तर खव्याची घेऊच नका. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना कुंदा पाठवणार असाल तर तो शेवटच्या दिवशी घ्या, वसुबारसेला घेऊन ठेवू नका.

तेलाचंही बघा. लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. आता तशाच दिसणाऱ्या पाकिटात ८५० किंवा ८०० ग्रॅम असतं आणि भाव 'कमी' दिसतो. ग्रॅमला किती पडतं तेच बघायचं. रविवार पेठेत चार घरांनी मिळून पंधरा लिटरचा डबा घेतला तर पाकिटांची भानगडच नाही.

यादीवाला_टिळकवाडी

वहिनी, फराळाचं प्रमाणही तुम्हीच सांगा की. पाच माणसं आणि शेजारच्या सहा-सात घरांत ताट.

शहापूरची_वहिनी

चिवडा: पातळ पोहे १ किलो, शेंगदाणे २५० ग्रॅम, डाळे २०० ग्रॅम, सुकं खोबरं १०० ग्रॅम, मिरच्या दहा-बारा, कढीपत्ता भरपूर, तेल पाव लिटर. पोहे मंद आचेवर आधी कोरडे भाजून घ्या, नाहीतर चार दिवसांत चिवट होतात. ऑक्टोबरात आपल्याकडे परतीचा पाऊस असतो, उन्हावर विसंबू नका.

चकलीची भाजणी: तांदूळ १ किलो, हरभरा डाळ ५०० ग्रॅम, मूगडाळ २५० ग्रॅम, उडीद डाळ २५० ग्रॅम, पोहे १०० ग्रॅम, धने ५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. ही दोन किलोच्या वर होते, अर्धी आता वापरा, अर्धी थालीपिठाला. एक वाटी भाजणीला एक मोठा चमचा कडकडीत तेल. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरते, कमी झालं तर दगड.

बेसन लाडू: बेसन ५०० ग्रॅम, तूप २५० ग्रॅम, पिठीसाखर ४५० ग्रॅम. चाळीस ग्रॅमचा एक धरला तर तीसच्या आसपास लाडू.

शंकरपाळी: तूप, दूध, साखर एकेक वाटी, मैदा मावेल तेवढा.

तळणाला कढईत दीड लिटर पुरे. क्रम पाळा: शंकरपाळी पहिली, शेव आणि चकली शेवटी. उलटं केलंत तर शंकरपाळीला ओव्याचा वास आणि तेल दोनदा बदलायची पाळी. पाच पदार्थ हवेतच असतील तर पाचवी शेव. अनारसे यंदा राहू द्या, त्याचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात आणि तुमच्या घरात अजून यादीच चालू आहे.

गॅलरीतला_वायरमन

माळा: आत एलईडी गटागटाने एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून एक गेला की तेवढा तुकडा विझतो. दुकानात पूर्ण उलगडून लावून दाखवा म्हणायचं, गुंडाळीत पेटवून दाखवलेली चालत नाही. गॅलरीत पाऊस लागतो तिथे प्लगचा जोड छताखाली ठेवा. एकाच्या टोकाला दुसरी, तिसरी असं जोडत जाऊ नका, पहिल्या माळेची बारीक वायर तापते. मागच्या वर्षीच्या माळा आधी पेटवून बघा. पणत्या खानापूरच्या मातीच्या घ्या, वापरायच्या आधी तासभर पाण्यात बुडवा म्हणजे तेल पीत नाहीत.

खडेबाजार_कोपरा

ऑनलाइन घेणार असाल तर दोनच गोष्टी. 'विक्रेता कोण' ती ओळ वाचा, आणि परत घेतात की फक्त बदलून देतात ते बघा. खोका फोडताना सलग व्हिडिओ काढा, वरच्या पत्त्याच्या चिठ्ठीपासून. उघडून दाखवायची सोय असेल तर वस्तू बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका.

फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. तिथे नाही सुटलं तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही गावचा असो. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. बिल मात्र पाहिजे. 'बिल नको असेल तर शंभर कमी' म्हणणाऱ्याला हे शंभर कशाचे ते कळलं असेलच.

यादीवाला_टिळकवाडी

मोबाइल आणि मिक्सर दोन्ही यादीतून गेले. मोबाइलवाल्याचं तोंड लहान झालंय. आता एक नवीन निघालंय: गल्लीत 'लकी ड्रॉ भिशी' आहे, महिन्याला ५००, दिवाळीला सोन्याचं नाणं. जावं का?

हिशोबनीस

नाही. सगळ्यांनी पैसे भरायचे आणि सोडत लागलेल्याला बक्षीस, या प्रकाराला १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. उद्या चालक गेला तर तक्रार करतानाच अडचण. नाणं पाहिजेच असेल तर पैसे घरात साठवा आणि सराफाकडून पक्क्या बिलावर घ्या. दागिना असेल तर त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून तिथेच काउंटरवर बघा.

यादीवाला_टिळकवाडी

बरं. शेवटचं विचारतो, भाजणी गिरणीतून आणताना काही बघायचं असतं का?

शहापूरची_वहिनी

असतं की. गव्हाच्या मागोमाग टाकू नका, जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ मिसळतं आणि चकली चिवट होते. तांदूळ किंवा हरभऱ्याच्या डाळीनंतर नंबर लावा. धनत्रयोदशीच्या आधीचे दोन दिवस गिरणीवाला कुणाचं ऐकत नाही, आठवडाभर आधीच जाऊन या.