पाटे बसलेली गाडी आणि गावची वाट : तुमचे अनुभव

राजापुरी
काल दारावरून चिरे भरलेला टेम्पो गेला. मागचे पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) पार बसलेले, प्रत्येक खड्ड्यात कर्र... कर्र. तो आवाज ऐकून थेट २००९ चे गणपती आठवले. आमची ओम्नी, आत सात माणसं, भांडी, शेगडी, मखर. मुंबई ते राजापूर. वडखळपर्यंत बाबा म्हणत होते, "भरलीये ना, म्हणून जरा बसलीये." नागोठण्यानंतर मागचा ॲक्सल (चाकांचा दांडा) वरच्या रबरावर धाडधाड आपटायला लागला. रात्री कशेडी चढताना समोरचा प्रत्येक जण डिपर मारतोय. बाबा वैतागले, "आज काय सगळ्यांचं डोकं फिरलंय का?" भरणे नाक्याला चहावाला म्हणाला, काका, तुमचे लाइट झाडावरची माकडं शोधतायत. मागून बसल्यामुळे नाक वर! पोचायला १६ तास. तुमचंही येऊ द्या.

खाडीकाठ
ओम्नीत सात म्हणजे निम्मी रिकामीच की. आम्ही अकरा असायचो.

मीठभाकर
भरणे नाक्याचा चहा 😍 बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

कुडाळ_गॅरेज
पाटे एका दिवसात बसत नाहीत हो. आपल्याकडे खारी हवा. दोन पाट्यांच्या मधे गंज धरतो, मग ते एकमेकांवर सरकत नाहीत. कर्र वाजतं ते तेच. गिऱ्हाईक म्हणतं ठोकून कमान द्या. देतो, पण जुन्या पाट्यात जीव नसतो, परत बसतात. आणि सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) तुटला तर ॲक्सल जागचा सरकतो, गाडी कुर्लीसारखी तिरकी चालते. कॉइल स्प्रिंग असेल तर सगळ्यात खालचं वेटोळं बघा. माती-पाणी तिथेच साचतं, तुटतं पण तिथेच.

मालवणी_झील
आमच्या आज्याची जीप. खारेपाटणाक मेन पाटो मोडलो. आज्यान फणसाचो ओंडको चेसिस नि ॲक्सलच्या मधी घातल्यान, काथ्यान बांधल्यान नि तशीच कणकवलेक हाडल्यान. आजी मागे बसान म्हणा होती, "इतक्यात मी चलत पोचलंय असतंय."

खाडीकाठ
😂😂 आजी!

सईची_आई
मी सातव्या महिन्यात, चिपळूण ते रत्नागिरी, दिरांच्या जुन्या गाडीत मागच्या सीटवर. सासूबाईंनी दोन उशा दिल्या, पण सावर्ड्यापर्यंत त्या उशाच माझ्या मांडीवर उडून बसल्या. संगमेश्वरला थांबलो तर शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, मागच्या चाकावर बसू नका, पुढे बसा." पुढे खरंच निम्मे धक्के. एवढी साधी गोष्ट घरात कुणाला सुचू नये! सई आता कॉलेजात आहे.

मीठभाकर
सईची आई, बाई गं. वाचूनच कंबर दुखली.

धोपावेकर
दाभोळ–धोपावे फेरीबोट, मे महिना, मागे आंब्याच्या पेट्या. ओहोटीमुळे जेट्टी आणि बोटीच्या फळीत चांगलाच कोन. पुढची चाकं वर गेली आणि मागून खर्रर्र. सायलेन्सर जेट्टीवर, आम्ही बोटीत. खलाशाने तो उचलून आणून माझ्या हातात दिला, सत्काराचा नारळ देतात तसा. पेट्या उतरवल्यावर गाडी चार बोटं वर आली. तेव्हा कळलं, आधी पेट्या उतरवून मग चढायचं.

खाडीकाठ
पेटी काय भावाने गेली तेव्हा?

धोपावेकर
विकायच्या नव्हत्या हो, मेव्हण्याकडे. तो मुद्दा नाही.

खाडीकाठ
मेव्हण्याचं नशीब.

पनवेल_ते_पाली
सीएनजीची टाकी बसवल्यापासून माझी मागून बसलीये. स्प्रिंगमध्ये रबराचे बफर टाकलेले चालतील का? गणपतीला जायचंय.

कुडाळ_गॅरेज
नको. बफर जिथे बसतो ती वेटोळी जखडतात, सगळा ताण बाकीच्यांवर येतो. स्प्रिंगच बदला, दोन्ही बाजूंच्या एकदम. आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी येऊ नका राव, तेव्हा मीच आरास करत असतो.

राजापुरी
बाबांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "पाटे बसले नव्हते. तुझ्या आत्याने मागच्या सीटखाली पाटा-वरवंटा ठेवला होता. मला राजापुरात कळलं."

मीठभाकर
मुंबईहून कोकणात पाटा-वरवंटा?? का?

राजापुरी
गावच्या पाट्यावर वाटप बारीक होत नाही म्हणे.