मदत हवी आहे: आरे-वारेच्या उतारावर एरो (हवेचा अडथळा कमी करणारे) ब्रेक ठेवू की साधे लावू?

मंडळी, नमस्कार.

दिवाळीनंतर एक जुनी टाइम ट्रायलची, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लावायच्या शर्यतीची सायकल घेतली. पुढचा ब्रेक चिमट्याला चिकटलेला, झाकणवाला. मागचा पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्या मधल्या एक्सलखाली, पार पोटात लपवलेला. दिसायला झकास! पण रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला निघालो की उतारावर काळजाचं पाणी होतं. पुढचं चाक उडवतं तो सगळा तांबडा चिखल नेमका मागच्या ब्रेकवर. वायर तिथेच आवळून वळते आणि खाऱ्या हवेने तिथेच गंजते. लिव्हर दाबला की आत जातो, परत यायचं नाव नाही.

सायकल विकणाऱ्याने विंड टनेलचा (वारा सोडून हवेचा अडथळा मोजतात त्या बोगद्याचा) आलेख दाखवला होता. त्यावर वेग ताशी ४८ किमी. मी तर चढउतार धरून २४ च्या आसपास चालवतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, लागणारी ताकद घनाने. म्हणजे माझ्या वेगाला फायदा एक अष्टमांश. समजा ४८ च्या वेगाला ब्रेकमुळे ५० ग्रॅम अडथळा वाचत असेल, तर ४८ ला साडेसहा वॉट, २४ ला जेमतेम पाऊण. यासाठी जीव टांगणीला का लावायचा?

विचारायचंय ते असं: हिशोब बरोबर आहे का? आणि साधा ड्युअल पिव्हट (एका बोल्टवर बसणारा नेहमीचा रिम ब्रेक) बसेल का? पुढे एकच बोल्ट आहे. मागे खाली दोन बोल्ट, सीटखालच्या नळ्यांना भोकच नाही.

प्रतिसाद:

हिशोबात समोरचा वारा राहिला, दादा. टनेलमधला ४८ हा हवेचा वेग. तुम्ही २४ ने चाललात आणि समोरून २० चा वारा आला, तर हवा ४४ ने लागते. मग पाऊण नाही, पावणेतीन वॉट वाचतात. आडवा वारा असेल तर आणखी घोळ: २६ चा वेग, १५ चा आडवा वारा, की हवा ३० अंशांतून येते. टनेलमध्ये बहुधा १५-२० अंशांपर्यंतच तपासतात, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर तो आलेख अर्ध्यात संपतो.

तरी पुढचा बदलाच. थांबवण्याचं बहुतेक काम तोच करतो. तिथे हवा थेट, न विस्कटता आदळते, त्यामुळे थोडे वॉट जातील, जाऊ द्या. फक्त नव्या ब्रेकची पोच रिमपर्यंत येते का, ते आधी मोजा. मागे भोक नाही, त्यामुळे तिथे साधा बसणार नाही. आहे त्याच ब्रेकला स्टेनलेस वायर आणि अखंड आउटर (वायरवरची नळी) टाका, पुढच्या मडगार्डला खाली रबराची झालर लावा. पावसात दर आठवड्याला धुवायचाच.

मूळ धागाकर्ता: समोरचा वारा विसरलो, खरंय! झालर ट्यूबची कापली तर चालेल ना?