किचनचं वायरिंग: तीन वायरमन, तीन मतं. तुमचे अनुभव सांगा

नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमधलं किचन नव्याने करतेय. ओटा फोडून झालाय, टाइल्सवाला सोमवारी येतोय आणि वायरिंगचं अजून ठरत नाहीये. पहिला वायरमन म्हणाला, जुनी वायर ठणठणीत आहे, नुसते बोर्ड वाढवू. दुसरा म्हणाला, सगळीकडे 4 एमएमची (म्हणजे 4 चौरस मिमी जाडीची) वायर टाका, परत बघायला नको. तिसऱ्याने मीटरकडे बघून मान हलवली, "थ्री फेज घेतल्याशिवाय मी हात लावणार नाही." (थ्री फेज म्हणजे जास्त भारासाठी एकाऐवजी तीन फेजचं कनेक्शन.) ओट्यावर काय काय चालणार आहे, हे मात्र तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. तुमच्याकडे काय झालं ते लिहा.

*

नेरुळ, सिडकोचं घर. मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन एकदम लावलं की एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायचा. बोलावलेल्या दादांनी पाच मिनिटांत 16 अँपिअरचा काढून 32 चा बसवला. पडणं बंद! आम्ही खूश, वर चहाही पाजला. दोनेक महिन्यांनी सासूबाई विचारायला लागल्या, "कुणी रबर जाळतंय का गं?" फ्रीजमागे मेलेली पालसुद्धा शोधून झाली. शेवटी दुसऱ्या वायरमनने बोर्ड उघडला, तर आतल्या वायरचं आवरण तळलेल्या पापडासारखं. बोटाने दाबलं की चुरा. प्लेटची मागची बाजू चहाच्या रंगाची.

तो म्हणाला, "वहिनी, एमसीबी असतो भिंतीतल्या वायरला वाचवायला. वायर दीड एमएमची, तिच्यावर 32 चा पहारेकरी बसवून काय उपयोग?" मग दुधाच्या हिशोबाच्या वहीतच त्याने मांडलं: इंडक्शन 2000 वॅट, मायक्रोवेव्ह 1300, किटली 1500. बेरीज 4800, भागिले 230 व्होल्ट, म्हणजे जवळपास 21 अँपिअर. जळकी वायर ओढून काढली. आता मेनपासून अडीच एमएमच्या दोन वेगळ्या लाइनी आहेत, दोन्हींना 16 चा एमसीबी, आणि इंडक्शन एका लाइनवर एकटं.

*

थ्री फेजबद्दल: महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, आधी तो बघा. भिंतीतली वायर बारीक असेल तर थ्री फेज घेऊनही ती बारीकच राहणार.

*

ऐरोली. आमचा वाद आरसीसीबीवरून, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचवरून. किचनचा बल्ब लावला की अख्ख्या घराची लाइट जायची. पहिले काका म्हणाले, "ही कटकट काढून टाका, आमच्या वेळी कुठे होतं हे?" नशीब, काढलं नाही. दुसऱ्याने अर्धा दिवस घालवून शोधलं. किचनच्या बल्बचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आरसीसीबीला वळसा घालून थेट मेनच्या पट्टीवर जोडला होता. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येतो की नाही, एवढंच ते यंत्र बघतं. 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की तोडतं. यंत्र बिचारं बरोबर होतं.

*

कोपरी. आमच्या सॉकेटमध्ये अर्थची पिन आतल्या आत न्यूट्रललाच जोडलेली निघाली. टेस्टरवर सगळं छान दिसत होतं. फ्रीजला हात लावला की मुंग्या यायच्या, आणि आम्ही म्हणायचो पावसाळ्याची ओल असेल.

*

खारघर. वायरिंग उत्तम झालं होतं, घात केला चिमणी बसवणाऱ्याने. ड्रिल थेट वायरच्या पाइपात. टाइल लावण्याआधी भिंतीवर मोजायचा टेप धरून फोटो काढा हो! माझ्याकडे फोटो होते, पण जुन्या फोनमध्ये.

*

धागा काढणारी परत आलेय. नेरुळवाल्या ताईंचा हिशोब वाचून आमच्या उपकरणांची यादी केली आणि तिघांना पाठवली. पहिल्याने अंगठा पाठवला. तिसऱ्याने फोनच उचलला नाही. दुसऱ्याला विचारलं, या यादीत सगळीकडे 4 एमएम कशासाठी? थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "ताई, मागच्या कामाचं पाऊण बंडल उरलंय माझ्याकडे." आता इंडक्शनला 4, बाकी पॉवर पॉइंटना अडीच, असं ठरलंय. काम त्यालाच दिलंय.