मदत हवी आहे : खाऱ्या पाण्याच्या टाकीतील पाणी हिरवे झाले असून निवळत नाही

नमस्कार. ठाण्यातील आमच्या घरी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी दीड वर्ष व्यवस्थित चालू होती. गेल्या सोळा दिवसांपासून मात्र तिचे पाणी शेवाळलेल्या विहिरीच्या पाण्यासारखे हिरवे झाले आहे. टाकीत दोन क्लाउनफिश, एक क्लीनर कोळंबी, थोडे मशरूम व झोअँथस प्रवाळ आणि सुमारे वीस किलो लाइव्ह रॉक (उपयुक्त जिवाणू वसलेले सच्छिद्र खडक) आहे. सकाळी दिवा लावल्यावर आधी माशाचा पांढरा पट्टा तेवढा दिसतो, आणि तो अगदी काचेशी आला म्हणजे मग नारिंगी रंग उमटतो. कोळंबी चार दिवसांत दिसलेली नाही. काल तिची ताजी कात पंपाच्या जाळीला अडकलेली सापडली, म्हणून ती जिवंत असावी असे धरून चालले आहे.

अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएम, फॉस्फेट ०.५ पीपीएम, घनता १.०२५ आणि तापमान २६ अंश, अशी कालची मोजमापे आहेत. पेलाभर पाणी पांढऱ्या कागदापुढे धरून पाहिले, तर ते दुधाळ नसून स्पष्ट हिरवट दिसते. त्यामुळे हा जिवाणूंचा गढूळपणा नसून पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल आहे, असे मला वाटते. पावसाळ्यापूर्वी सोसायटीने खिडकीबाहेरच्या बदामाच्या फांद्या छाटल्या आणि पाऊस थांबल्यापासून दुपारचे ऊन दोन तास थेट टाकीवर येते, हे एक कारण असावे. गोठवलेले खाद्य वितळल्यावर त्याचे पाणीही मी टाकीतच ओतत आले आहे.

तीन वेळा प्रत्येकी ४० लिटर पाणी बदलले. दिवसभर रंग उतरतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. नवे पाणी स्वयंपाकघरातील आरओचेच असते. दुकानदाराने शैवालनाशक औषध सुचवले, पण कोळंबी आणि प्रवाळांच्या काळजीने ते वापरलेले नाही. टाकी झाकून अंधार करावा, की यूव्ही दिवा (आतून जाणाऱ्या पाण्यातील शैवाल अतिनील किरणांनी मारणारा) घ्यावा? आणि पाणी बदलूनही ते स्वच्छ का राहत नाही, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद :

आपले निदान बरोबर वाटते, आणि औषध टाळलेत हे फार चांगले केलेत. अशा कित्येक औषधांत तांबे असते आणि ते कोळंबीला सोसत नाही. हे शैवाल इतके बारीक असते की फिल्टरच्या कापसातून सहज पार होते आणि पोषण मिळाले की झपाट्याने दुप्पट होते; त्यामुळे पाचवा हिस्सा पाणी बदलून ते मागे हटत नाही. शिवाय, मला खरी शंका आपल्या आरओची आहे. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून पुष्कळ घरगुती यंत्रांत टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) नियंत्रक असतो आणि तो थोडे नळाचे पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट येत असेल, तर प्रत्येक वेळी आपण शैवालाला खाऊच घालत आहात. आधी त्या पाण्याचा टीडीएस मोजा.

प्रवाळ तीन दिवसांचा अंधार सोसतील. टाकी चादरीने पूर्ण झाका, मात्र हवेला वरून वाट ठेवा. अंधारात शैवाल प्राणवायू तयार करीत नाही, उलट वापरते, आणि मेलेले शैवाल कुजतानाही तो खर्च होतो. म्हणून स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) व हवेचा पंप क्षणभरही बंद ठेवू नका. वीज जात असेल, तर बॅटरीवरचा पंप हाताशी असू द्या. चौथ्या दिवशी पाणी बदला. यूव्ही दिवा चांगलाच, पण त्यातून पाणी संथ जायला हवे, आणि तो फॉस्फेट कमी करीत नाही.

मूळ प्रश्नकर्तीकडून :

मनापासून आभार. आरओच्या पाण्याचा टीडीएस ८६ निघाला. नियंत्रकाचा स्क्रू पूर्ण बंद केल्यावर तो १४ वर आला. खिडकीला जाड पडदा लावला आहे आणि आज रात्रीपासून टाकी झाकत आहे. या तीन दिवसांत माशांना खाद्य अजिबात देऊ नये, की एखाद्या वेळी चिमूटभर द्यावे, एवढे कृपया कळवावे.