मदत हवी आहे: 17 दिवसांची बाळंतीण कुत्री थरथरतेय, सारखी धापा टाकतेय

नमस्कार. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

आमची चिंगी, पॉमेरेनियन, तीन वर्षांची, जेमतेम 4 किलोची. पहिलटकरीण. पाच पिल्लं झाली, आज 17वा दिवस. पाचही गुबगुबीत आहेत, डोळे उघडलेत. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते, रोज वजन वाढलेलं असतं. त्यामुळे सगळं ठीक आहे असंच आम्ही धरून चाललो होतो.

आज सकाळपासून ती एका जागी बसत नाही. खोक्यातून उठते, मोरीत जाते, परत येते. जीभ बाहेर, नुसत्या धापा. आधी उकाडा वाटला, पण पंख्याखाली गार फरशीवरही तेच. दुपारपासून पंजाने तोंड घासतेय, मागचे पाय लाकडासारखे ताठ टाकतेय. आत्ता मांडीवर घेतलंय, तर डोळा लवावा तसा तिच्या मांडीचा स्नायू सारखा लवतोय. अंग तापलंय. सड मऊ आहेत, गाठ कुठे लागत नाही. तांबूस स्राव थोडा अजून जातो, पण त्याला घाण वास नाही.

खायला दोन वेळा दूधभात, कधी चिकनचं पाणी घालून भात. सासूबाईंनी बाळंतिणीसाठी म्हणून शिराही केला होता. गाभण असताना महिनाभर कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात, त्यामुळे कॅल्शियम कमी पडलं असेल असं वाटत नाही.

रविवार आहे, इथला जनावरांचा दवाखाना बंद. साताऱ्याला जायचं तर तासभर. सकाळपर्यंत थांबू का? मुलाचं तापाचं औषध थोडंसं देऊ का?

प्रतिसाद, संध्याकाळी 7:10

ताई, थांबू नका, आत्ताच निघा. माणसांचं तापाचं औषध अजिबात देऊ नका, कुत्र्यांना ते बाधतं. थरथरत असताना तोंडात काही ओतूही नका, ठसका लागून श्वासनलिकेत जाईल.

हे एक्लॅम्प्सिया वाटतंय. रक्तातलं कॅल्शियम दुधात जातं आणि आईचं कमी पडतं. लहान जातीची कुत्री, पिल्लं जास्त आणि दुसरा-तिसरा आठवडा, म्हणजे दूध सगळ्यात जास्त असतं तेव्हा, हे होतं. गोळ्या दिल्या म्हणून निर्धास्त राहू नका, उलट गाभणपणातल्या गोळ्यांनीच हे वाढतं. बाहेरून आयतं मिळत राहिलं की हाडातून कॅल्शियम काढणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि ऐन दुधाच्या वेळी ती जागी होत नाही. पुढची पायरी झटक्यांची असते. पिल्लं तिच्यापासून आत्ताच बाजूला करा, आणि निघण्याआधी दवाखान्यात फोन करून शिरेतून द्यायचं कॅल्शियम आहे का ते विचारा.

प्रतिसाद, संध्याकाळी 7:25

वरच्यांशी सहमत. आमच्याकडे गाई आहेत, दुग्धज्वर (गाईंमधलं हेच कॅल्शियम कमी पडणं) पुष्कळ पाहिलाय. फक्त गाईचे कान गार पडतात, कुत्रीला मात्र ताप चढतो. त्यामुळे लोक साधा ताप समजतात आणि वेळ जातो.

चिंगीची मालकीण, सोमवार, दुपारी 3:00

तुम्हा दोघांचे उपकार विसरणार नाही. वाटेत गाडीतच तिचे चारही पाय ताठ झाले. पोचलो तेव्हा ताप 105 होता (डॉक्टर म्हणाले, कुत्र्याचा नेहमीचा 101 ते 102.5). त्यांनी एका हाताने स्टेथोस्कोप छातीवर धरून दुसऱ्या हाताने कॅल्शियम अगदी सावकाश शिरेत सोडलं. भराभर दिलं तर हृदय थांबू शकतं म्हणाले. साधारण वीस मिनिटांत थरथर उतरली. मग तिने मान वळवून पिल्लं शोधली, तेव्हा मला रडूच फुटलं.

पिल्लं 24 तास वेगळी. कुत्र्याच्या पिल्लांसाठीची दूध पावडर आणलीय, गाईचं दूध त्यांना पातळ पडतं. दर चार तासांनी कोमट करून, पिल्लू पोटावर ठेवूनच पाजते. उताणं धरून पाजलं तर फुफ्फुसात जातं. चिंगीला आता दूधभात बंद. पिल्लांसाठी मिळतं तेच खाणं, दिवसातून चार-पाचदा, पाणी कायम भरलेलं. दूध पाजणाऱ्या कुत्रीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त अन्न लागतं हे मला काल कळलं. मी पाच पिल्लांचं वजन रोज लिहीत होते, हिचं एकदाही केलं नव्हतं. आज केलं, 3 किलो 400 भरलं. सासूबाईंचे डिंकाचे लाडूही उचलून ठेवलेत, त्यात बेदाणे असतात आणि ते कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक.

आता एक विचारायचंय. पिल्लं तोडल्यापासून तिचे मागचे दोन सड घट्ट लागतायत, हात लावला की पाय आखडते. लाल नाहीत, थेंबभर दूध येतं ते पांढरंच आहे. डॉक्टर संध्याकाळी पाच वाजता भेटणार आहेत. तोवर कोमट पाण्याच्या फडक्याने शेकलं तर चालेल, की त्याने दूध आणखी उतरेल? कुणी केलंय का?