टेरेसवरचा पिच्चर आणि रविवारचा ग्रुप

बंटी, बी ३०४: काल टेरेसवर आलेल्या सगळ्यांना थँक्यू. वाऱ्यानं चादर फडफडत होती तेवढं सोडलं तर प्रोजेक्टर एकदम ओके चालला. आता खरं खरं सांगा पिच्चर कसा वाटला. मॅड मॅक्स, १९७९ चा, पहिला भाग.

ओंकार, ए १०१: भावा खरं सांगू का, झोप आली

ओंकार, ए १०१: मी ह्याच मॅड मॅक्सचा २०१५ चा भाग, फ्युरी रोड, आधी बघितलाय, त्यात वाळवंट, आगीची गिटार, विषय हार्ड. इथं काय तर हिरवंगार गवत, समुद्र आणि हिरो बायकापोराला घेऊन सुट्टीवर. जग बुडालंय कुठं? दुकानं चालू, आइस्क्रीम मिळतंय.

बंटी, बी ३०४: अरे तेच तर. अजून बुडालं नाही, बुडायला लागलंय. पहिलीच पाटी येते की, काही वर्षांनंतरची गोष्ट म्हणून.

सेक्रेटरी: टेरेसची किल्ली कुणाकडे आहे? खुर्च्या वरच आहेत.

मानसीताई, सी २०२: मला नाही आवडला. त्या बाईनं काय केलं सबंध पिच्चरभर? नवऱ्याची काळजी करायची, पोर सांभाळायचं आणि शेवटी दोघांनी गाडीखाली जायचं, का तर ह्याला चिडायला कारण पाहिजे म्हणून. आइस्क्रीमच्या तिथं त्या टोळीच्या म्होरक्याला गुडघा घालते तेवढा एकच सीन तिचा. आणि लहान पोरं बसलेली पुढं सतरंजीवर, आधी सांगायला नको का बंटी? आमची चिऊ रात्री दोनदा उठली.

बंटी, बी ३०४: सॉरी ताई. चुकलंच.

सिस्टर, बी १०२: ताईंचं बरोबर आहे, पण त्यांनी दाखवलं काहीच नाही हे बघा. त्या दोघांचा अपघात दिसतच नाही, रस्त्यावर नुस्ता बूट गडगडत येतो. आणि तो जळलेला मित्र दवाखान्यात, चादरीखालनं फक्त हात खाली पडतो. मी कॅज्युअल्टीत नाइट केल्यात अकरा वर्षं. नातेवाइकाला आपण चादर बाजूला करू नका म्हणतो आणि तो करतोच, तिथं हिरोचं जे तोंड होतं ना तसंच होतं. हे ज्यानं लिहिलंय त्यानं बघितलेलं असणार.

बंटी, बी ३०४: सिस्टर मानलं तुम्हाला. डायरेक्टर जॉर्ज मिलर डॉक्टरच होता. सिडनीच्या हॉस्पिटलात इमर्जन्सीला काम करायचा, अपघाताच्या केसेस रोज. त्यातनंच पिच्चर डोक्यात आला.

ओंकार, ए १०१: डॉक्टर?? 

बंटी, बी ३०४: आणि ह्याच माणसानं पुढं नाचणाऱ्या पेंग्विनांचा कार्टून पिच्चर काढला, त्याला ऑस्कर मिळालं. चिऊला तो लावतो ताई पुढच्या वेळी.

आप्पा, ए ००२: मी बोलून टाइप करतोय चुका झाल्या तर समजून घ्या. ३१ वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलंय मी, सातारा डेपो, सुरुवातीला तर खंबाटकी घाटाला आत्ताचा बोगदा बी नव्हता. आता इंग्रजी काय मला सगळं कळलं नाही पण गाडी कळती. आजकालच्या पिच्चरात गाडी उडती आणि कागदावाणी खाली येती, तिला वजनच नाही. काल बघितलं तर कॅमेरा पार बंपरच्या खाली, डांबराला घासत चाललाय, तवा वेग कळतो, घाटात रात्री उतरताना पुढचा रस्ता अंगावर येतो तसा. आणि ती गाडी आपटली की वजनासकट आपटती, आवाज बी तसाच. खोटं नाही ते. कोण तरी खरंच चालवत होतं आणि जीव मुठीत धरून चालवत होतं.

शकीलभाई, सी ००१: आप्पा एक नंबर बोलले

शकीलभाई, सी ००१: पण एक गोष्ट खोटी आहे. काळ्या गाडीच्या बॉनेटवर सुपरचार्जर आहे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, हिरो बटण ओढतो आणि तो चालू होतो. असं नसतं ओ. तो इंजिनला पट्ट्यानं बांधलेला, इंजिन फिरलं की तो फिरणार. बटणावर चालू-बंद करायला तो काय मिक्सर आहे?

बंटी, बी ३०४: बरोबर, शूटिंगला तो नुस्ता शोभेचा लावला होता. पैसेच नव्हते हो. साधारण साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये सगळा पिच्चर. सुरुवातीला जी व्हॅन चिरडते ती डायरेक्टरची स्वतःची, दुसरी घ्यायला पैसे कुठले. हिरोला चामड्याचे कपडे आणि बाकीच्या बऱ्याच पोलिसांना रेक्झिन. टोळीतली बरीच पोरं खऱ्या बाइक क्लबची, आणि सिडनीहून मेलबर्नला विमानाचं भाडं परवडेना म्हणून त्या म्होरक्यासकट कलाकार बाइकवर आले. कॅमेरामन बाइकच्या मागच्या सीटवर बसून हातात कॅमेरा धरून शूट करत होता, काटा १८० च्या आसपास. एडिटिंग घरी.

खजिनदार काकू: आपलं टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन सोसायटीतल्या कुठल्याही पिच्चरपेक्षा जास्त आलंय एवढं लक्षात असू द्या.

ओंकार, ए १०१: ब्रिजवर एका स्टंटमनच्या डोक्याला बाइक लागते तो खरंच मेला म्हणे, रीलवर बघितलं

बंटी, बी ३०४: अफवा आहे ती, जुनी. वाचला तो.

सर, बी २०१: नमस्कार. मी उशिरा वाचतोय. ओंकारने विचारलं जग बुडालंय कुठे. मला तो चित्रपट नेमका तिथेच आवडला. पोलीस आहेत, पण त्यांचं ऑफिस पडक्या गोदामासारखं. न्यायालय आहे, पण टोळीतल्या त्या पोराला सोडून द्यावं लागतं, का, तर त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कुणी आलंच नाही. गावातली माणसं सगळं बघतात आणि दारं लावून घेतात. बॉम्ब वगैरे काही पडलेला नाही. नुसतं साक्षीला कुणी येत नाही. पाठीमागे १९७३ ची तेलटंचाई आहे, पंपावरच्या रांगांत माणसं हातघाईवर आली ते लिहिणाऱ्यांच्या डोक्यात होतं. आपल्याकडेही पेट्रोल भडकलं होतं तेव्हा, वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. म्हणून ती टोळी चालत्या टँकरमधून पेट्रोल चोरते ते बघा, कुणी भाषण देत नाही, एक सीन येऊन जातो.

ओंकार, ए १०१: सर तुम्ही सांगितलं की भारी वाटतंय, बघताना नाय वाटलं

मानसीताई, सी २०२: सर मुद्दा पटला पण मग त्याच्यावर उपाय काय दाखवला? हिरो वर्दी सोडून एकेकाला मारत सुटतो. आणि पोरं त्याच्यावर शिट्ट्या मारतात. काल मारल्या.

सर, बी २०१: शेवटचं तोंड बघा त्याचं, गाडी चालवताना. जिंकलेल्या माणसाचं नाही ते. पण शिट्ट्या मारल्या हे खरं आहे.

आजी, ए २०३: तो पोरगा दिसायला छान होता बाई

बंटी, बी ३०४: आजी तो मेल गिब्सन, शूटिंगला २१ वर्षांचा, नवखा. त्याचा आवाज अमेरिकेत पाठवताना काढून टाकला होता, तिथल्या लोकांना ऑस्ट्रेलियन उच्चार कळणार नाहीत म्हणून दुसऱ्याच माणसाचा आवाज चिकटवला.

शकीलभाई, सी ००१: म्हणजे सातारच्या माणसाला पुण्याचा आवाज. हितं रोज टीव्हीवर तेच चाललंय

आजी, ए २०३: हो ना, मालिकेत सातारची सासू म्हणतात आणि ती बोलते सदाशिव पेठेत

ओंकार, ए १०१: हाहाहा आजी. पण एवढ्या कमी पैशात काढून कमावले किती?

बंटी, बी ३०४: जगभरात दहा कोटी डॉलरच्या वर. कमी खर्चात सगळ्यात जास्त नफा म्हणून गिनीजमध्ये नाव होतं, वीस वर्षांनी एका भुताच्या पिच्चरनं मोडलं. आणि तुझ्या फ्युरी रोडमधला तो मास्कवाला व्हिलन आहे ना, तो आणि कालचा टोळीचा म्होरक्या एकच नट. ह्यू कीज-बर्न.

ओंकार, ए १०१: काय सांगतो!! थांब परत बघतो

आप्पा, ए ००२: ओंकार तू बघच. आणि बघताना सायलेन्सर जरा आठव. दर रविवारी सकाळी सहाला तुमची सात-आठ जणांची फटफट यवतेश्वरच्या घाटाकडं निघती कासला, फाट फाट फाट. काल टोळी आली तवा आमची ही म्हणाली, ओंकार आला का काय.

ओंकार, ए १०१: आप्पा आता ग्रुपवर नको ना

आप्पा, ए ००२: थट्टा केली रे. पण एक सांगतो, अपघात झाल्यावर पहिलं मिनिटभर कुणी वरडत नाही. इंडिकेटर तेवढा टिकटिकत असतो. बोगद्याच्या पुढच्या एस वळणावर मी दोनदा गाडी थांबवून माणसं उचलल्यात. पिच्चरमध्ये ती शांतता होती बघ मधे मधे. म्हणून मला झोप आली नाही.

सिस्टर, बी १०२: 🙏

सेक्रेटरी: किल्ली???

बंटी, बी ३०४: किल्ली माझ्याकडे, आणतो. पुढच्या शनिवारी दुसरा भाग लावू का? १९८१ चा. त्यात वाळवंट पण आहे ओंकार आणि पेट्रोलसाठी मारामारी पण. चिऊ आणि कंपनीसाठी सात वाजता पेंग्विन, मोठ्यांचं नऊला.

मानसीताई, सी २०२: असं असेल तर चालेल. नऊला मीपण येते, भांडायला.

खजिनदार काकू: लाइटचं बिल कॉमनमध्ये धरायचं नाही. माणशी दहा रुपये.

शकीलभाई, सी ००१: ते सगळं होऊ द्या. चादरीचा पाइप कापायला काल माझं हॅक्सॉ ब्लेड नेलंय कुणी तरी, अजून परत नाही. पिच्चरचा शेवट सगळ्यांनी बघितलाय, हिरो टोळीतल्या त्या पोराचा पाय बेडीनं गाडीला अडकवतो आणि हातात हॅक्सॉ देतो. बेडी कापायला दहा मिनिटं, पाय कापायला पाच.

ओंकार, ए १०१: आणतो आणतो