प्रतिसाद: मोंढ्यातला 'प्रॉड्यूस'

स्पेलिंग एकच, पण उच्चारातला जोर हलला की अर्थ बदलतो अशा इंग्रजी शब्दांवरच्या वरच्या लेखातली 'रिफ्यूज' म्हणजे नकार देणे आणि 'रेफ्यूस' म्हणजे कचरा, ही जोडी आवडली. त्यात आमच्या लातूरच्या मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली, एक भर.

बाजार समितीच्या इंग्रजी नावात 'प्रॉड्यूस' आहे. जोर पहिल्या अक्षरावर, अर्थ शेतमाल. सोयाबीनचा कट्टा, तुरीची रास, हे सगळं प्रॉड्यूस. पण कारखान्यातून निघालेली पेंड किंवा तेलाचा डबा सहसा नाही, तो 'प्रॉडक्ट'. क्रियापदात जोर दुसऱ्या अक्षरावर जातो आणि अर्थ वाढतात: पिकवणे, निर्माण करणे, शिवाय कोर्टात कागद हजर करणे! माझ्या भावाला जमिनीच्या वादात नोटीस आली, 'डॉक्युमेंट्स प्रोड्यूस करा'. तो बिचारा म्हणतो, ''आता मी कागद पिकवू का काय?''

मराठीनंही घोळ कमी घातलेला नाही म्हणा. बाजार समित्यांच्या १९६३ च्या कायद्यातल्या 'कृषी उत्पन्न'मधलं उत्पन्न म्हणजे माल, आणि तहसीलच्या दाखल्यावरचं उत्पन्न म्हणजे कमाई. यंदा आमच्याकडे पहिलं झालं, दुसरं अजून आडत्याच्या हिशेबाच्या पट्टीवरच आहे.